कुलूप दिसतंय, पण चावी कोणाकडे?

प्रश्न : आईच्या जुन्या फोनवर डेटा वाचावा म्हणून ऑपेरा मिनी हे ब्राउझर टाकून दिलंय, आता ती बँकेचं पण त्यातच बघते. सेफ आहे का?

उत्तर : बँकेसाठी नको. साध्या ब्राउझरमध्ये फोन थेट बँकेच्या सर्व्हरशी बोलतो, मधे मोबाइल कंपनी असते पण एचटीटीपीएस (म्हणजे कुलूपबंद, मधल्या कोणाला वाचता न येणारं कनेक्शन) असलं की तिला फार तर साइटचं नाव कळतं, आत काय टाइप केलं ते नाही. ऑपेरा मिनीच्या एक्स्ट्रीम मोडमध्ये, म्हणजे जास्तीत जास्त डेटा वाचवायच्या सेटिंगमध्ये, मात्र पान आधी ऑपेराच्या सर्व्हरवर उघडतं, तिथे लहान करतात आणि मग फोनवर येतं, आणि लहान करायचं म्हणजे आधी वाचता यायला हवं ना, म्हणून फोन ते सर्व्हर एक कुलूप, सर्व्हर ते बँक दुसरं, आणि मधे सगळं उघडं. ऑपेराने हे लपवलेलं नाहीये, पण आपल्या आयांना कोण सांगणार!

२०१३ च्या जानेवारीत नोकियाच्या ब्राउझरचं असंच बाहेर आलं होतं, गौरांग पंड्या या भारतीय संशोधकाने दाखवून दिलं. नोकियाचं म्हणणं, सर्व्हरवर तात्पुरतं उघडतं पण कोणी बघत नाही. मला ते अजिबात पटलं नाही, आधी विचारायला नको?

आईला बँकेचं स्वतःचं ॲप द्या, ऑपेरा मिनी बातम्या-रेसिपींपुरतं राहू दे. आणि फुकटचं व्हीपीएन (फोनचं सगळं इंटरनेट स्वतःच्या सर्व्हरमधून फिरवणारं ॲप) टाकू नका, त्याने साइटचं नाव मोबाइल कंपनीऐवजी व्हीपीएनवाल्याला दिसायला लागतं एवढंच.