पडद्याच्या शस्त्रक्रियेनंतर पालथे का राहायचे?

प्रश्न : डोळ्याचा पडदा सुटल्यामुळे माझ्या आईची (वय ६२) गेल्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. डोळ्यात गॅस भरला असून तिला पालथे राहायला सांगितले आहे. त्या डोळ्याने तिला काहीच नीट दिसत नाही. विश्रांतीसाठी तिला महाबळेश्वरला मावशीकडे नेले तर चालेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आत्ता घाट चढून मुळीच जाऊ नका. उंचीवर हवेचा दाब कमी झाला की गॅसचा बुडबुडा फुगतो, डोळ्यातील दाब वाढतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. विमानप्रवासही याच कारणासाठी वर्ज्य आहे. गॅसच्या प्रकारानुसार तो विरायला साधारण २ ते ८ आठवडे लागतात, तेव्हा तो पूर्ण गेल्याचे डॉक्टरांनी तपासून सांगेपर्यंत थांबा.

पालथे राहणे कंटाळवाणे असते, हे खरे. परंतु गॅस नेहमी वर चढतो आणि मान खाली घातली की तो डोळ्याच्या मागच्या बाजूला जाऊन, पडदा चिकटावा म्हणून शस्त्रक्रियेत दिलेल्या लेसरचे व्रण पक्के होईपर्यंत, पडद्याला जागेवर दाबून धरतो. छातीखाली उशी घ्या, बसताना कपाळ टेबलावरच्या घडी केलेल्या चादरीवर टेकू द्या.

गॅस असेपर्यंत धूसरच दिसते. तो ओसरू लागला की नजरेत पाण्याच्या पातळीसारखी हलती रेघ दिसते, तिला घाबरू नये. दृष्टी सुधारण्यास मात्र काही महिने लागतात. तीव्र वेदना, उलट्या किंवा नजरेपुढे नव्याने काळा पडदा आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.