वाचकांचे प्रश्न : सुएझमध्ये अडकलेली जहाजे

प्रश्न : १९६७च्या अरब-इस्रायल युद्धात सुएझ कालव्यात काही मालवाहू जहाजे आठ वर्षे अडकून पडली, असे वाचनात आले. ज्या देशांचा या युद्धाशी संबंधच नव्हता, त्यांची जहाजे सोडून देण्यात काय अडचण होती? खलाशांचे आणि मालाचे पुढे काय झाले?

उत्तर : जहाजे कोणी जप्त केली नव्हती, त्यांची वाटच बंद झाली होती. ५ जून १९६७ रोजी युद्ध सुरू झाले, तेव्हा उत्तरेकडे निघालेल्या ताफ्यातील १४ जहाजांना कालव्याच्या वाटेवरील ग्रेट बिटर सरोवरात नांगर टाकावा लागला. ब्रिटनची चार, पश्चिम जर्मनी, स्वीडन आणि पोलंडची प्रत्येकी दोन, तर फ्रान्स, बल्गेरिया, चेकोस्लोव्हाकिया आणि अमेरिकेचे प्रत्येकी एक, अशी ती होती. इजिप्तने जहाजे बुडवून आणि सुरुंग पेरून कालवा बंद केला आणि सहा दिवसांत इस्रायली सैन्य पूर्व काठावर येऊन ठाकले, त्यामुळे कालवा हीच दोन सैन्यांमधील सीमारेषा बनली. जानेवारी १९६८मध्ये इजिप्तने जहाजे बाहेर काढण्यासाठी कालव्याची पाहणी सुरू केली. परंतु पाहणीच्या बोटी उत्तरेकडे वळताच इस्रायलने गोळीबार केला आणि ते काम तिथेच थांबले. तटस्थ निशाण फडकत असले, तरी त्याने पुढचा गाळ आणि सुरुंग थोडेच दूर होणार!

वाळवंटाची वाळू डेकवर साचत गेली, म्हणून या जहाजांना ‘पिवळा ताफा’ म्हणू लागले. शीतयुद्धाच्या त्या काळात दोन्ही गटांतील खलाशी येथे मात्र शेजारधर्माने राहिले. ‘किलारा’ या स्वीडिश जहाजावर पोहण्याचा तलाव होता, बल्गेरियन जहाजावर चित्रपट दाखवत आणि ‘पोर्ट इन्व्हरकार्गिल’च्या डेकवर फुटबॉल रंगे. टपाल तिकिटेही त्यांनी स्वतःच तयार केली. आज संग्राहक ती हौसेने जपतात. खलाशी ठरावीक काळाने बदलले जात. पुढे देखभालीला माणसे कमी लागावीत म्हणून जहाजे एकमेकांना बांधून ठेवण्यात आली.

१९७३च्या युद्धात अमेरिकेचे ‘आफ्रिकन ग्लेन’ बुडाले. कालवा मोकळा झाल्यावर १९७५मध्ये स्वतःच्या इंजिनावर मायदेशी पोहोचली ती केवळ ‘म्युन्स्टरलांड’ आणि ‘नॉर्डविंड’ ही जर्मन जहाजे. हॅम्बुर्गच्या धक्क्यावर त्यांच्या स्वागताला हजारो लोक जमले होते.

नुकसानीचा मोठा वाटा विमा उतरवणाऱ्यांवर पडला. जहाज शाबूत आहे, तरंगते आहे, पण मालकाच्या उपयोगाचे नाही, अशा वेळी भरपाई कशाच्या आधारे द्यायची, हा पेच त्यामुळे ठळकपणे पुढे आला. आजच्या युद्धजोखीम विम्यात सामान्यतः यासाठी मुदतीचे कलम असते : जहाज ठरावीक काळ, बहुधा १२ महिने, अडकून राहिले, तर ते पूर्णतः गमावले असे धरून भरपाई दिली जाते.