तापल्यावरच बंद पडणारा ओव्हन

प्रश्न : आमच्या स्वयंपाकघरात कपाटात बसवलेला विजेचा ओव्हन आहे. सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटे तो व्यवस्थित चालतो. मग शिट्टी वाजते, पडद्यावर तापमान सेन्सरच्या बिघाडाचा कोड उमटतो आणि ओव्हन बंद होतो. थंड झाल्यावर मात्र काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होतो. दुरुस्तीसाठी आलेल्या तंत्रज्ञांनी मीटर लावून पाहिले, सेन्सर चांगला असल्याचे सांगितले आणि कंट्रोल बोर्ड (ओव्हन नियंत्रित करणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी) बदलण्याचा सल्ला दिला. तो मानावा का?

उत्तर : इतक्यात मानू नये. तंत्रज्ञांनी सेन्सर तपासला तो बहुधा ओव्हन थंड असताना, आणि आपल्या ओव्हनचा दोष तर तो तापल्यावरच प्रकट होतो. थंड ओव्हनमध्ये सेन्सर चांगला आढळला, एवढ्यावरून बोर्डाला दोषी ठरवता येत नाही.

अशा ओव्हनमध्ये सेन्सर म्हणजे पोकळीच्या मागच्या भिंतीतून आत डोकावणारी, पेन्सिलीहून बारीक अशी धातूची नळी असते. पुष्कळ ओव्हनमध्ये तिच्या टोकाशी प्लॅटिनमचा रोधक बसवलेला असतो आणि तापमान वाढले की त्याचा रोध (विजेच्या प्रवाहाला होणारा, ओहममध्ये मोजला जाणारा अडथळा) ठरलेल्या प्रमाणात वाढत जातो. सर्रास आढळणाऱ्या पीटी-१००० या प्रकारात हा रोध ० अंश सेल्सिअसला १,००० ओहम, २५ अंशांना सुमारे १,०९७ ओहम, १०० अंशांना १,३८५ ओहम आणि १८० अंशांना जवळपास १,६८५ ओहम भरतो. बोर्ड या रोधावरूनच आतले तापमान ठरवतो. रोध शक्यतेच्या पलीकडे गेला, म्हणजे तार तुटल्यासारखा अनंत झाला किंवा दोन तारा एकमेकींना चिकटल्यासारखा शून्यावर आला, की तो कोड दाखवून उष्णता तोडतो. मात्र हा निष्कर्ष बोर्ड आपल्या टोकाशी पोहोचलेल्या रोधावरून काढतो. सेन्सर, त्याच्या तारा, मधला कनेक्टर आणि बोर्डावरची खाच यांपैकी कोठेही खंड पडला तरी त्याला दिसणारे चित्र एकच असते. म्हणून कोडमध्ये ‘सेन्सर’ असे लिहिलेले असले, तरी त्याचा अर्थ ‘सेन्सरच्या परिपथात बिघाड’ एवढाच घ्यावा.

आपण सांगितलेल्या लक्षणावरून माझा पहिला संशय जोडणीवर आहे. सेन्सरच्या तारांचा कनेक्टर अनेकदा मागच्या पत्र्याआड, बऱ्यापैकी गरम जागी असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्याच्या आतल्या पितळी पिना काळवंडतात, त्यांची पकड सैल होते आणि तापून धातू प्रसरण पावला की संपर्क सुटतो. थंड झाल्यावर तो पुन्हा जुळतो. सेन्सरच्या नळीच्या आत तारेला बारीकशी चीर गेली असेल, तरीही नेमके असेच घडते.

तपासणी करताना क्रम पाळावा. विजेचा मुख्य पुरवठा बंद करावा. केवळ ओव्हनचे बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण बोर्डापर्यंत वीज तशीही पोहोचलेली असते. ओव्हन कपाटातून बाहेर काढायचा असल्यास तो दोघांनी मिळून काढावा. प्रथम थंड स्थितीत बोर्डाजवळचा सेन्सरचा कनेक्टर सोडवून तेथूनच रोध मोजावा, म्हणजे सेन्सरबरोबर मधली सारी तारही मोजली जाते. मीटरवर नजर ठेवून तारा आणि जोड हलकेच हलवावेत. आकडा उडी मारू लागला, तर दोष सापडल्यात जमा आहे. त्याच वेळी प्रत्येक तार आणि सेन्सरची धातूची नळी यांच्यातही रोध मोजून पाहावा. तेथे मीटरने काहीच संपर्क दाखवता कामा नये.

थंड मोजणी निर्दोष निघाली, तर कनेक्टर पुन्हा जोडून, झाकणे लावून, ओव्हन कोड येईपर्यंत तापवावा. कोड येताच मुख्य पुरवठा तोडून, जाड हातमोजे घालून त्याच ठिकाणी पुन्हा मोजणी करावी. येथे घाई करावी लागते, कारण सांधा निवला की तो पुन्हा जुळतो. आकडा दीड हजाराच्या आसपास असून ओव्हन निवेल तसा सावकाश उतरत गेला, तर सेन्सर आणि तारा दोन्ही ठीक आहेत व बोर्डावरचा संशय खरा मानावा. मीटरने अनंत रोध दाखवला, तर लगेच सेन्सरच्या स्वतःच्या तारांवर मोजावे. तेथे आकडा योग्य आला तर दोष मधल्या तारेत किंवा कनेक्टरमध्ये आहे, तेथेही अनंत आला तर सेन्सर बदलावा. बोर्डावर ठपका ठेवण्यापूर्वी आणखी एक गोष्ट पाहावी. कपाटात बसणाऱ्या ओव्हनमध्ये बोर्डाचा कप्पा थंड राखणारा पंखा असतो. तो फिरेनासा झाला, तर बोर्ड तापून तऱ्हेवाईक वागू शकतो आणि अशा वेळी नवा बोर्डही फार दिवस टिकणार नाही.

सेन्सर बदलायचा झाल्यास आपल्या ओव्हनच्या नेमक्या मॉडेलसाठीचाच घ्यावा. दिसायला सारखा असला तरी पीटी-५०० प्रकारच्या सेन्सरचा रोध निम्मा असतो, तर थर्मिस्टर प्रकारात सहसा तापमान वाढले की रोध उलट घटतो. जुना सेन्सर बाहेर ओढण्यापूर्वी त्याच्या तारेला चिमटा लावून ठेवावा, नाहीतर तिचे टोक भिंतीआड निसटते आणि ते परत शोधण्यात तपासणीपेक्षा अधिक वेळ जातो. तारांना अमुक दिशा अशी नसते. कोणतीही कोठेही जोडली तरी चालते. मात्र जोड साध्या प्लॅस्टिक टेपने गुंडाळू नयेत. तेथे उष्णता सोसणारे सिरॅमिकचे जोड आणि काचतंतूचे आवरण असलेली तारच वापरावी.

प्रश्न : मी १८० अंश लावले असता आत ठेवलेला स्वतंत्र तापमापक कधी १६५, तर कधी १९५ दाखवतो. सेन्सर बिघडला असावा का?

उत्तर : या आकड्यांवरून तरी तसे वाटत नाही. ओव्हन ठरलेल्या तापमानावर स्थिर राहत नाही. तो तापतो, एलिमेंट (उष्णता देणारा विजेचा भाग) बंद होते, तापमान उतरते, एलिमेंट पुन्हा सुरू होते, आणि या चढउताराचा मध्य लावलेल्या तापमानाजवळ असावा एवढीच अपेक्षा असते. आपल्या दोन आकड्यांचा मध्य बरोबर १८० येतो. तापमापक मधल्या जाळीवर मध्यभागी ठेवावा, अर्धा तास जाऊ द्यावा आणि मग दार न उघडता काचेतून अनेक चक्रांमधले सर्वांत वरचे व खालचे आकडे टिपावेत.

सरासरीच दहा-पंधरा अंशांनी सतत इकडे किंवा तिकडे राहिली, तर बऱ्याच ओव्हनमध्ये ही तफावत सेटिंगमधून भरून काढता येते. पण ती आधी नव्हती आणि अलीकडेच उद्भवली असेल, तर सेटिंगला हात लावण्याआधी कारण शोधावे. पीटी-१००० सेन्सरचा रोध दर अंशामागे सुमारे ३.८ ओहमने बदलतो. गंजलेल्या सांध्याने ४० ओहमची भर घातली, की बोर्डाला ओव्हन दहा अंशांनी अधिक तापल्याचा भास होतो आणि प्रत्यक्षात तो तेवढा कमी तापतो. दाराची रबरी पट्टी कडक होऊन फट पडली असेल, किंवा दोनपैकी एक एलिमेंट निकामी झाले असेल, तरीही पदार्थ कच्चा राहतो, आणि त्यात सेन्सरचा काही दोष नसतो.

प्रश्न : आमच्या जुन्या ओव्हनला पडदा नाही, फक्त फिरवायची कळ आहे. तापमान वाढतच जाते. मीटरने सेन्सर तपासता येईल का?

उत्तर : येणार नाही, कारण त्यात विद्युत सेन्सरच नसतो. पोकळीतल्या धातूच्या फुग्यात द्रव भरलेला असतो. तो तापून प्रसरण पावला, की बारीक नळीवाटे थर्मोस्टॅटमधल्या (तापमान राखणाऱ्या स्विचमधल्या) पातळ चकतीवर दाब येतो आणि संपर्क उघडून एलिमेंट बंद होते. हा द्रव गळून गेला, तर पुष्कळ थर्मोस्टॅटमध्ये दाब निर्माणच होत नाही, संपर्क मिटलेलाच राहतो आणि ओव्हन तापतच जातो. संपर्क ठिणग्यांनी चिकटून बसला तरी परिणाम तोच. मात्र आधी फुगा आपल्या चिमट्यांतून निसटून खाली पडलेला नाही ना, एवढे पाहावे. तसे नसेल, तर दुरुस्तीच्या भरीस न पडता पूर्ण थर्मोस्टॅट बदलावा आणि तोवर ओव्हन वापरू नये. नवा बसवताना बारीक नळीला तीव्र घडी पडू देऊ नये आणि फुगा भिंतीला न टेकता चिमट्यांतच राहील, असा बसवावा.