जाहिरात खटकली, तरी कन्सोल तोच का?

प्रश्न (नाशिक): सोनीने २००६ मध्ये पांढऱ्या पीएसपीसाठी (हातात धरून खेळायचा कन्सोल, म्हणजे गेमचे यंत्र) नेदरलँड्समध्ये लावलेल्या फलकावर गोऱ्या बाईने काळ्या बाईचा जबडा धरलेला होता. एवढा गदारोळ होऊनही गिऱ्हाईक टिकले. कन्सोल घेणारे इतके आंधळे असतात का?

उत्तर: आंधळे नसतात, अडकलेले असतात. तो फलक वर्णद्वेषीच होता. काळ्या आणि पांढऱ्या यंत्रातला फरक दाखवायचा होता, असा बचाव सोनीने केला. पण यंत्राच्या रंगासाठी माणसाच्या कातडीचा रंग वापरला, वर एकीचा जबडा दुसरीच्या मुठीत दिला, की बघणाऱ्याला जे दिसते तोच त्याचा अर्थ. फलक नेदरलँड्सपुरते होते, तरी चित्र इंटरनेटवरून अमेरिकेपर्यंत गेले आणि जुलैत ते मागे घ्यावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरात, चाहत्यांच्या नावाने चालवलेले पीएसपीचे एक संकेतस्थळ जाहिरातदारांनीच लिहिल्याचे उघड झाले. एवढे होऊनही पीएसपीची विक्री साडेसात कोटींच्या पुढे गेली.

कारण कन्सोलची किंमत एकदाच द्यावी लागते, त्यानंतरचे पैसे गेममध्ये जातात. एका कंपनीच्या दुकानातून घेतलेला डिजिटल गेम दुसरीच्या यंत्रावर चालत नाही, गेममध्ये मिळवलेल्या ट्रॉफ्या (बक्षीस-चिन्हे) सोबत जात नाहीत, आणि अनेक गेममध्ये मित्रमंडळीही तिकडेच राहतात. फलकाचा राग आला म्हणून एवढे सगळे कोण सोडणार?

गेमच्या याच साठ्याला कंपनीने हात घातला, की मात्र निष्ठा डळमळते. मायक्रोसॉफ्टने मे २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन हा कन्सोल जाहीर केला तेव्हा दर २४ तासांनी एकदा इंटरनेट जोडणी आणि वापरलेल्या गेमच्या फेरविक्रीवर बंधने, अशी योजना होती. १० जूनला सोनीने आपल्या पीएस४ची (प्लेस्टेशन ४) किंमत ३९९ डॉलर सांगितली (एक्सबॉक्स वन ४९९), शिवाय मित्राला डिस्क कशी द्यायची याचा काही सेकंदांचा व्हिडिओ काढला: एकाने दुसऱ्याच्या हातात डिस्क ठेवली, संपले. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने दोन्ही अटी मागे घेतल्या, पण तोवर अनेकांचा निर्णय झाला होता. आमच्या मते कन्सोलच्या इतिहासातली सर्वांत परिणामकारक जाहिरात हीच, आणि तिने कुणाचाही अपमान केला नाही.

प्रश्न (पणजी): जाहिरातीत दाखवलेली सोय यंत्रात नसेल तर काय करता येते?

उत्तर: आधी अमेरिकेतले प्रकरण बघा, कारण फसवणूक नेमकी कुठे असते ते त्यात दिसते. सोनीच्या पीएस व्हिटा या हातातल्या कन्सोलच्या जाहिरातींवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने कारवाई केली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये तडजोड झाली. पीएस३ वरचा खेळ थांबवून व्हिटावर तिथूनच पुढे खेळता येतो, असे जाहिरातीत दिसत होते. प्रत्यक्षात ही सोय मोजक्याच गेमना होती, आणि 'एमएलबी १२: द शो'साठी तोच गेम दोन्ही यंत्रांकरिता वेगवेगळा विकत घ्यावा लागे. ग्राहकांना २५ डॉलर रोख किंवा जमा, नाहीतर ५० डॉलरचे व्हाउचर देऊ केले गेले. जाहिरात संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी आपली ओळख न सांगता व्हिटाची स्तुती करणारी ट्वीट्स केली होती. त्यावरही कारवाई झाली.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. जाहिरातीची नोंद लगेच करा: तारखेसह स्क्रीन रेकॉर्डिंग घ्या, त्यात खालची बारीक अक्षरेही येऊ द्या, कारण ऑनलाइन जाहिरात एका रात्रीत बदलते. बिल जपा. आधी कंपनीला लेखी कळवा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. नाहीच निभले तर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे दोन वर्षांच्या आत जावे लागते, आणि वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. अनेक तक्रारी फसतात त्या इथेच: बिल असते, पण जाहिरातीचा पुरावा नसतो.

प्रश्न (सांगली): मुलगा यूट्यूबवाल्याचे ऐकून कन्सोल बदलायचा हट्ट धरतो आहे.

उत्तर: व्हिडिओवर 'पेड' किंवा 'स्पॉन्सर्ड' असे लिहिले आहे का, ते बघा. भारतात २०२१ पासून जाहिरात मानक परिषदेच्या नियमांनुसार ते लिहावे लागते. नियम असण्याला कारण आहे: एक्सबॉक्स वनच्या वेळी मशिनिमा या व्हिडिओ-जाळ्याने एका यूट्यूबवाल्याला ३०,००० डॉलर दिले होते, आणि प्रेक्षकांना ते सांगितलेच नव्हते.

मग मुलाच्या गेमची यादी काढा. पीएस४ चे बहुतेक गेम पीएस५ वर चालतात, पण डिस्क असतील तर डिस्क ड्राइव्ह नसलेले मॉडेल घेऊ नका. एक्सबॉक्स सिरीज एसलाही ड्राइव्ह नाही. पीएस३ च्या डिस्क पीएस५ वर चालत नाहीत. पीएस५ गेमचे सेव्ह (साठवलेली प्रगती) पेनड्राइव्हवर उतरवता येत नाहीत. क्लाउडवर ठेवायला पीएस प्लस या सोनीच्या सेवेची वर्गणी लागते, ती खर्चात आधीच धरा.