ढाकची गोष्ट तिला सांगितलीस का?

प्रिय ताई,

मी ३८ वर्षांची, पुण्यात नोकरी करते, एकटी राहते. माझा दादा एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेला. त्याची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. वहिनी शाळेत शिकवतात, त्यांची खूप ओढाताण होते, म्हणून भाची दर गुरुवारी संध्याकाळी माझ्याकडे येते. मी तिचं गणित घेते, मग आम्ही दोघी मिळून काहीतरी खायला करतो.

दोन वर्षांपूर्वी दादाच्या एका वहीत यादी सापडली. वर लिहिलं होतं, ‘बाराव्या वाढदिवसाच्या आत बारा’. खाली सिंहगड, लोहगड, विसापूर, तिकोना, कोरीगड असं बरंच. त्याला लेकीला हे सगळं दाखवायचं होतं. मी ठरवलं, आपण दाखवू. नऊ झाले. दहावं कळसूबाई. येत्या मार्चमध्ये ती बारा पूर्ण करेल.

डिसेंबरात एका रविवारी बारी गावातून चढलो. चढताना ती माझ्या पुढे होती, दादाची जुनी निळी कॅप घालून. उतरताना एका लोखंडी शिडीवर मधेच थांबली. रेलिंग घट्ट धरलं आणि हलेचना. खालून माणसं येत होती, वर खोळंबली होती, कुणीतरी ‘ओ मॅडम, पोरीला घ्या ना बाजूला’ म्हणालं. मी आधी समजावलं, मग ओरडले. म्हणाले, ‘तुझे बाबा कधी असे घाबरले नाहीत.’ ती गप्प झाली आणि उतरली. कोपर खरचटलं तेवढंच.

तेव्हापासून गुरुवारी येते, गणितं सोडवते, सात वाजले की निघते. बोलत नाही. कॅप माझ्या चपलांच्या कपाटावर ठेवून गेली. वहिनींनी कोपर बघितलं आणि म्हणाल्या, ‘ताई, तुमचे डोंगर तुम्हाला लखलाभ. माझ्याकडे आता एकच उरलीय.’ मी रागावून काय बोलले ते त्यांना माहीत नाही, भाचीने सांगितलेलं दिसत नाही.

राजगड आणि हरिश्चंद्रगड राहिलेत. आत्ता सोडलं तर भीती तिच्या मनात कायमची बसेल. तिला पुन्हा तयार कसं करू? वहिनींना कसं पटवू? दादाला डोंगराचं भय कधी नव्हतंच (तसा एकदा कॉलेजात असताना ढाकच्या बहिरीला, त्या कड्यातल्या गुहेकडे जाताना, अर्ध्यातून मागे फिरला होता, पण ते वेगळं). ही त्याचीच मुलगी आहे.

— एक आत्या, पुणे

अगं आत्या,

तुला अगं म्हणतेय, रागावू नकोस. अडतिशीच्या बाईला अहो-जाहो करायचं माझं वय राहिलेलं नाही.

आधी शिडीचं उरकून टाकू, कारण ते सोपं आहे. चढताना नजर पुढच्या पायरीवर असते. उतरताना दरीकडे तोंड केलं की अख्खं बारी गाव पायाखाली दिसतं, आणि त्या पायऱ्या काही अकरा वर्षांच्या पायांच्या मापाने बसवलेल्या नाहीत. त्यात रविवार. कळसूबाई म्हणजे १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक, त्यामुळे थंडीतल्या सुट्टीच्या दिवशी तिथल्या शिड्यांवर दादर स्टेशनच्या जिन्यासारखी गर्दी असते. तिथे पोर थिजली तर त्यात नवल काय? शिडी उतरताना तोंड शिडीकडे ठेवायचं, दोन हात आणि एक पाय पक्का असल्याशिवाय दुसरा पाय हलवायचा नाही, आणि बरोबरच्या मोठ्या माणसाने मुलाच्या खालच्या पायरीवर राहायचं. म्हणजे पाय चाचपडला तर धरून ठेवायला कुणीतरी असतं. तू ओरडलीस असं लिहिलंयस. याचा अर्थ हात पोहोचेल इतकी जवळ नव्हतीस. मागच्याला ‘थांबा दोन मिनिटं’ म्हणून दम द्यायचा होतास. खोळंबली असती माणसं, काय बिघडलं असतं?

एवढंच असतं तर आठ दिवसांत विसरली असती ती. चार दिवस शाळेत मैत्रिणींना तिखटमीठ लावून शिडीची गोष्ट सांगितली असती. ती बसलीय ते तुझ्या वाक्यावर.

माझं एक सांगते. मी नऊ वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत एका काकांनी मला विहिरीत ढकललं. पाठीला डबा बांधलेला होता, बुडायची भीती नव्हती, गावातली सगळी पोरं तशीच शिकायची. मी किंचाळले तेव्हा काठावरून ते म्हणाले, ‘तुझा धाकटा भाऊ बघ, हसतोय.’ त्या सुट्टीत मला पोहता यायला लागलं. आजही येतं. पण काकांनी पुढे केलेला हात मी नंतर कित्येक वर्षं धरला नाही, साधा रस्ता ओलांडतानासुद्धा. पाण्याचा राग कधीच गेला होता. काकांनी मात्र पुढे कधी विचारलं नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही.

माझ्यासमोर निदान जिवंत भाऊ होता. घरी जाऊन त्याला चिमटा काढता आला, आणि दोन दिवसांनी तोही पाण्याला घाबरतो हे कळलं. तुझ्या भाचीला ती सोय नाही. तिचे बाबा ती सात वर्षांची असताना गेले. तिच्याकडे आठवणी असून असून किती असतील? खांद्यावर बसवलेलं, एखादं गाणं, दाढी टोचायची ते. बाकीचे बाबा तिला तुम्ही पुरवता: तू, वहिनी, आजी असेल तर आजी. आणि गेलेल्या माणसाबद्दल घरात कोण वाईट बोलतं? चार वर्षांत त्या बिचाऱ्याचा पुतळा झाला असणार. न घाबरणारा, न चिडणारा, सगळे गड चढलेला. त्या पुतळ्याच्या शेजारी तू तिला भर शिडीवर उभं केलंस आणि म्हणालीस, बघ, किती लहान आहेस तू.

म्हणून तुझ्या पत्रातला तो कंस माझ्या डोक्यातून जात नाही. ढाकला अर्ध्यातून मागे फिरला होता, पण ते वेगळं. वेगळं कसं गं? ढाकच्या बहिरीची ती कातळातली वाट मी खालून बघितलीय. दोर धरून आडवं सरकायचं आणि खाली नुसती दरी. मी तर बघूनच खाली बसले होते. तुझा दादा तिथवर गेला, त्याला जमेना, आणि वीस-बावीस वर्षांचा पोरगा मित्रांसमोर ‘मी येत नाही’ म्हणून मागे फिरला. पत्रातला तुझा दादा मला तेवढ्या एका ओळीत भेटला. आणि ती ओळ तू कंसात टाकलीस.

ती गोष्ट तुझ्या भाचीने ऐकलीय का? बहुतेक नसेल.

तर गुरुवारी ती येईल. गणित नेहमीसारखं घे, त्याला हात लावू नकोस. ती अजून येतेय हे तुझ्या लक्षात आलंय का? रुसलेल्या पोरींना पोट दुखायला वेळ लागत नाही. ती दर आठवड्याला दप्तर घेऊन तुझ्या दारात उभी राहते. तर अपूर्णांक होऊ देत, खायला करायला घ्या, आणि हात कामात असताना सांग. समोर बसवून, डोळ्यात डोळे घालून वगैरे सांगू नकोस, ते मुलांना नकोसं होतं. म्हण, ‘शिडीवर मी बाबांचं बोलले ते चुकलं. आणि ते खरंही नव्हतं.’ मग थांब. ‘पण मला काळजी वाटली म्हणून’ हे शेपूट लावू नकोस. गर्दी होती, मी दमले होते, तेही नको. मग ढाकची गोष्ट सांग, सगळी. तो कुठे बसला, त्याचे पाय कसे लटपटत होते, परत येताना तुमच्यात काय बोलणं झालं, नंतर मित्रांनी किती दिवस चिडवलं. तू त्याची बहीण आहेस, तुझ्याकडे असल्या आणखी दहा गोष्टी असतील. पालीला घाबरायचा का? नापास झाला होता का कधी? हळूहळू त्याही येऊ देत.

ती काही बोलली नाही तर नाही. सात वाजता गेली तर जाऊ दे.

दुसरं काम जड आहे. वहिनींना जाऊन सांग, तू काय बोललीस ते. त्यांना पटवायला जाऊ नकोस, फक्त सांग. ते वाक्य पोरीने आईपासून लपवून ठेवलंय. का, ते मला ठाऊक नाही. कदाचित आईला बाबांचं काही बोललं की रडू येतं म्हणून असेल, कदाचित तुझे गुरुवार बंद होतील म्हणून असेल. कसंही असलं तरी आत्याची चूक पोटात घेऊन अकरा वर्षांच्या पोरीने आईसमोर वावरायचं, हे बरं नाही. तू सांगितलंस की तिच्यावरचं ते ओझं उतरेल. वहिनी चिडतील. त्यांनी नवरा गमावलाय, आणि ‘एकच उरलीय’ म्हणाल्या ते हिशोबाने बरोबरच आहे. त्यावर ‘डोंगरात तसा धोका नसतो हो’ असं काहीबाही बोललीस तर मीच तुझ्यावर चिडेन. पुढे कधीही, कुठेही न्यायचं तर आधी त्यांना विचारायचं, आणि त्या नाही म्हणाल्या तर तिथे विषय संपला.

आता ती यादी. यादी दादाची होती, आणि ती करताना त्याने धरून चाललं होतं की आपण बरोबर असू. लेकीचा हात तो स्वतः धरणार होता. दमली तर कडेवर घेणार होता, घाबरली तर, ढाक बघता, तिच्याशेजारी बसून तोही घाबरणार होता. तुला सापडलं ते नुसतं वहीचं पान, आणि त्याला तू मार्चची मुदत लावून बसलीस. मला वाटतं त्या नऊ गडांवर तू दादाला भेटायला जात होतीस. त्यात चूक काहीच नाही, मीही गेले असते. फक्त ते तुझं तू जा. एखाद्या शनिवारी एकटी, किंवा त्याच्या कॉलेजच्या मित्रांना फोन करून. राजगडाच्या बालेकिल्ल्याखाली बसून काय रडायचं ते रड. त्यासाठी भाचीला बरोबर न्यायची गरज नाही.

कळसूबाईची गोष्ट तुला माहीत असेलच, तिकडचे लोक सांगतात ती. कोळ्याची पोर. पाटलाच्या घरी राहताना तिने आधीच बजावलं होतं, भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस घरच्यांनी तेच करायला लावलं, तेव्हा ती जी डोंगरात निघून गेली ती परत आलीच नाही. तुझी भाची निदान गुरुवारी येते.

भीती कायमची बसेल का, विचारलंयस. ढकललंस तर बसेल. एरवी मुलांची भीती उंचीसारखी असते, आपलं लक्ष नसताना दोन बोटं इकडची तिकडे होते. पुन्हा कधी तिनेच विषय काढला तर गडाचं नाव काढू नकोस. वेताळ टेकडीवर जा, सकाळी सातला, बरोबर शेंगदाणे आणि गूळ घेऊन. कुठून परत फिरायचं ते तिने ठरवायचं आणि ‘अजून थोडं’ म्हणायचं नाही. अर्ध्या वाटेतून फिरली तर तूही फीर, तोंड न पाडता. हे शेवटचं तुला जड जाणार, तुझ्या पत्रावरून दिसतंय.

आणि वहिनी? त्या कधी गेल्यात का गं तुमच्याबरोबर? पत्रात त्यांचा उल्लेख फक्त नाही म्हणणारी म्हणून येतो. भाऊ-बहीण सॅक घेऊन पहाटे निघायचे आणि त्या घरी डबे भरून द्यायच्या, असं तर नव्हतं ना? तसं असेल तर कधीतरी, घाई न करता, तिघींनी लोहगडला जा. मळवली स्टेशनपर्यंत लोकल जाते आणि वर चढायला चांगल्या पायऱ्या आहेत. शनिवार-रविवार टाळा, युनेस्कोच्या यादीत २०२५ मध्ये गेल्यापासून तर जास्तच टाळा. वहिनींना दम लागेल, त्या गणेश दरवाजापाशी बसतील. तुम्हीही बसा. विंचूकाटा, म्हणजे गडाची ती लांब सोंड, काही पळून जात नाही. परतीच्या वाटेवर भाजे लेणी आहेत, तिथे सावली असते.

कॅपबद्दल तू काही विचारलं नाहीस, तरी सांगते. कपाटावरून उचलून ती दादाच्या फोटोपाशी ठेवायचा मोह होईल तुला. ठेवू नकोस. दाराजवळ खिळा असेल, छत्रीबित्री अडकवायचा, त्याला अडकव. उन्हाची कॅप आहे, ज्याला ऊन लागेल त्याने घालावी. तू बाजारात जाताना घातलीस तरी चालेल.

— ताई