किब्बरला भरल मोजायला जातेय, तयारी काय करू?

प्रश्न: ताई, मी वन्यजीवशास्त्रात एमएस्सी करतेय. एका रिसर्च टीमबरोबर जून ते ऑगस्ट हिमाचलमधल्या स्पितीतल्या किब्बर गावात राहून भरल (हिमालयातल्या रानटी निळ्या मेंढ्या) मोजायचं काम मिळालंय. इतक्या उंचीवर कधीच गेले नाहीये. कुठल्या रस्त्याने जाऊ, सोबत काय घेऊ आणि पहिले काही दिवस कसे काढू? आईला खूप काळजी वाटतेय.

उत्तर: आधी रस्त्याचं बोलू, कारण तिथे चुकलं की पुढचा आठवडा वाया जातो. किब्बर साधारण ४,२०० मीटरवर आहे, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी मिळतो. मनालीहून अटल टनेल, बातल, कुंझुम खिंड असं करत एका दिवसात काझाला, म्हणजे स्पितीच्या मुख्य गावाला, पोचता येतं, आणि म्हणूनच जाताना तो रस्ता नको. मनाली २,००० च्या आसपास, काझा ३,६०० च्या वर, मध्ये कुंझुम साडेचार हजारांवर, शरीराला कळायलाही वेळ मिळत नाही. मी पहिल्यांदा तशीच गेले होते आणि दोन दिवस डोकं धरून पडून होते, पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं.

तू शिमल्याकडून ये. रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो, मग काझा. बस मिळतात, वेळ जास्त लागतो पण उंची हळूहळू चढते. काझात दोन रात्री तरी काढ, त्यानंतरच किब्बर. तिथेही पहिले दोन-तीन दिवस बायनॉक्युलर घेऊन गावाभोवतीच फिर, कितीही उत्साह असला तरी वरच्या धारेवर जायचं नाही. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही ते निघण्याआधी डॉक्टरांना विचार, सल्फाची ॲलर्जी असेल तर ते नक्की सांग. आणि डोकेदुखी वाढत चालली, उलट्या व्हायला लागल्या, चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर टीमला लगेच सांगायचं आणि खाली उतरायचं. लाजून लपवू नकोस गं, लपवण्यातच खरा धोका आहे.

आता सामान. उन्हाचा चष्मा, सनस्क्रीन, लिप बाम, थरावर थर घालता येतील असे कपडे, कारण दुपारी ऊन भाजतं आणि पहाटे बोटं आखडतात. बूट नवे असतील तर आधी महिनाभर घालून फिर. हेडलॅम्प, पॉवर बँक, रोख पैसे (एटीएम काझात आहे, पण नेहमी चालेल असं धरू नकोस). रेबीजची लस आधीच घे, स्पितीत मोकाट कुत्री बरीच आहेत. स्पिती पर्जन्यछायेत असली तरी जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौर आणि मनाली दोन्हीकडचे रस्ते दरडींनी बंद पडतात, त्यामुळे परतीचं तिकीट काढताना तीन-चार दिवस हाताशी ठेव. नाले सकाळी ओलांडायचे, दुपारी वरचा बर्फ वितळून पाणी चढतं.

कामाचं म्हणशील तर बहुतेक डबल ऑब्झर्व्हर पद्धत वापराल, म्हणजे दोन टीम एकाच भागात, एकमेकींना काहीही न सांगता, आपापली मोजणी करतात आणि मग कुठले कळप दोघींना दिसले, कुठले एकीलाच, त्यावरून एकूण संख्येचा अंदाज काढतात. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात समोर अख्खा उतार रिकामा दिसतो, दहा मिनिटं स्कोप फिरवूनही नुसते दगड, आणि मग एक दगड कान हलवतो, तो दिसला की शेजारी दुसरा, तिसरा, बघता बघता तीसेक जनावरं होतात. नराच्या कुशीवरचा काळा पट्टा आणि बाहेर वळून मागे गेलेली शिंगं बघून वयाचे गट पाडायचे, जून-जुलैमध्ये माद्यांच्या मागे इवलीशी पिल्लं असतात, ती आईच्या आडोशाला राहिली तर मोजायची राहून जातात, म्हणून कळप चालायला लागेपर्यंत डेटाशीट बंद करू नकोस.

टीममध्ये गावातले फील्ड असिस्टंट असतील तर त्यांचं ऐक. कुठल्या नाळेत कळप पाण्याला उतरतो, कुठली घसरंड पायाखालून सुटते, हे त्यांना पाठ असतं. किब्बरच्या लोकांनी १९९० च्या दशकात हिमबिबट्याचे अभ्यासक चारुदत्त मिश्रा आणि सहकाऱ्यांबरोबर मिळून आपल्या कुरणाचा एक भाग चराईसाठी बंद ठेवला, का तर भरलला गवत मिळावं म्हणून. त्यामुळे आपण त्यांच्या गावात पाहुणे म्हणून राहतो हे धरून चाल, भेटलं की जुले म्हण, पाणी जपून वापर, आणि कोरड्या संडासात प्लास्टिक किंवा पॅड कधीच टाकू नकोस, ते खत पुढे शेतात जातं.

आईला निघण्याआधीच सांग की रोज फोन होणार नाही, नेटवर्क येतं-जातं. टीम लीडरचा नंबर देऊन ठेव आणि आठवड्यातला एक वार ठरव.

प्रश्न: उन्हाळ्यात तिथे हिमबिबट्या दिसेल का?

उत्तर: शक्यता कमीच. बर्फ वितळला की भरल वर सरकतात आणि तोही त्यांच्यामागे. बघायलाच जायचं असेल तर जानेवारी ते मार्च, तेव्हा भरल गावाजवळ उतरलेले असतात. उन्हाळ्यात पायवाटेवर विष्ठा किंवा मागच्या पायांनी उकरलेली माती दिसेल, तिचा फोटो काढ, जीपीएस नोंद कर आणि हात लावू नकोस.