सोमवारचे दीड तास

"समाजासाठी काहीतरी करायचंय हो, पण आत्ताच करू की निवृत्तीनंतर?" हा प्रश्न आमच्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांकडून बहुतेकदा दुसऱ्याच एखाद्या तक्रारीच्या शेपटीला येतो. सोलापूर शहरातल्या जुळे सोलापूर भागातल्या एका बाईंनीही तो उठता उठताच विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय ४४, बँकेत नोकरी, मुलगा नववीत, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. बँकेत जाता-येता भैय्या चौकातलं डॉ. कोटणीसांचं स्मारक दिसतं. "ते अठ्ठाविशी पुरी व्हायच्या आत चीनला गेले, आणि मी चव्वेचाळिशीत मुहूर्त शोधतेय," असं म्हणाल्या.

तुलना वयाशी करून भागत नाही. सोलापुरात १९१० साली जन्मलेले द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून निघाले तेव्हा डॉक्टरकीचं शिक्षण ताजं होतं आणि लग्न व्हायचं होतं. हातात काय आहे आणि अंगावर काय आहे, हे बघायचं. वय त्यानंतर.

बाईंनी आधी एकदा प्रयत्न केला होता, हे दुसऱ्या भेटीत निघालं. शहराच्या पूर्व भागात विडी कामगारांच्या मुलांसाठी संध्याकाळचा वाचनवर्ग. आठवड्यात चार दिवस येते म्हणाल्या. तिसऱ्या आठवड्यात बँकेत तपासणी आली, दोन दिवस जमलं नाही, कळवलंही नाही. मुलं पायरीवर बसून राहिली. ते कानावर आल्यावर लाज वाटली, मग वर्गाचे फोन उचलणंच बंद. "आपली वेळच योग्य नव्हती" हा निष्कर्ष त्यानंतरचा. खरं तर वेळेची चूक थोडी होती, शब्द जास्त दिला गेला ही मोठी. आणि खाडा होणार असेल तर कसा कळवायचा हे कोणी ठरवूनच दिलेलं नव्हतं.

म्हणून आधी हिशेब. आठवड्याचे तास १६८. दोन आठवडे त्यांनी वहीत रोजच्या रोज लिहिलं, आठवणीवर नाही. झोप ४९, बँक आणि येणं-जाणं ५२, स्वयंपाक-घर ३६, सासूबाईंचं १४, मुलाचं ६. उरले ११. आकडा बघून त्या खूश झाल्या. पण हे ११ तास म्हणजे बहुतेक वीस-वीस मिनिटांचे तुकडे होते. सलग मोकळा वेळ शोधायला गेलो तर रविवारची सकाळ आधी बाद झाली: सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, आणि पाण्याचा दिवस सरकत सरकत कधीही रविवारवर येतो. त्या दिवशी मोटार, पिंप, टाकी सोडून कोण कुठे जाणार? रविवारची दुपार मोकळी होती, पण आठवड्यातली निवांत झोप तेवढीच. तिला हात लावू नये असं आम्ही सांगितलं. राहिली सोमवारची संध्याकाळ. त्या दिवशी यजमानांची साप्ताहिक सुट्टी, सासूबाईंजवळ माणूस असतो.

दीड तासाचं काम दीड तासात होत नाही, हेही मांडावं लागतं. जाण्या-येण्याची चाळीस मिनिटं, तयारीची तीस. म्हणजे पावणेतीन तास धरायचे. रिक्षाचा आणि वह्या-खडूंचा महिन्याचा खर्चही आधीच ठरवावा, नाहीतर तो गुपचूप वाढतो आणि घरात कुरबुर सुरू होते.

मग काम निवडायचं, वेळेच्या मापाचं. अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक व्हावं असं त्यांच्या मनात होतं. छान काम, परीक्षेपुरतं. पण तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. शिवाय लेखनिकाचं शिक्षण किती चालेल याचे नियम परीक्षेगणिक वेगळे. नोकरीच्या दिवशी हे जमणारं नव्हतं. शेवटी जुनाच वाचनवर्ग ठरला. फोन करायला त्यांना आठ दिवस लागले. वर्गाच्या ताईंना काय सांगायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं: "मागच्या वेळी न कळवता थांबले, चूक झाली. आता जूनपासून दिवाळीपर्यंत, फक्त सोमवारी, साडेसहा ते आठ. महिन्यातून एखादा खाडा होईल, तो आदल्या दिवशी कळवीन. त्या दिवशी वर्ग कोण घेईल?" शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. बदली माणूस आधी ठरलेला नसेल तर चांगला स्वयंसेवकही पहिल्या अडचणीला गळतो.

सुरुवात फेब्रुवारीत करू नका, हेही सांगितलं. मार्चअखेर बँकवाल्यांची काय अवस्था असते ते सगळ्यांना माहीत आहे, त्यानंतर एप्रिल-मेचं ऊन. शाळा जूनमध्ये उघडतात, मुलंही तेव्हाच नव्याने बसतात.

काही वेळा मात्र आम्ही सरळ थांबा म्हणतो. घरातलं माणूस गेल्यावर लगेच, मन रमवायला म्हणून, तेही ज्या आजाराने माणूस गेलं त्याच आजाराच्या रुग्णांत जायचं असेल तर नक्कीच. निवृत्तीचा पहिला महिनाही फसवा. "सातही दिवस येतो" म्हणणारे गृहस्थ पंधरा दिवसांत संस्थेचं कपाट लावायला घेतात, महिन्याभरात तिथल्या लोकांशी वाजतं. त्यांना आम्ही एक दिवस, तीन महिने, असं बांधून देतो. रागावतात, पण टिकतात.

बाईंच्या वर्गात पंधरा-सोळा मुलं. बऱ्याच घरांत तेलुगू, शाळेत मराठी, त्यामुळे जोडाक्षरापाशी गाडी अडते. पहिले दोन सोमवार त्यांनी एकेकाला नुसतं वाचायला लावून कोण कुठे अडतंय ते लिहून ठेवलं. एक मुलगी आईचं विडी कारखान्याचं पुस्तक घेऊन आली, किती हजार विड्या वळल्या त्याच्या नोंदी वाचायला. त्या दिवशी धडा तोच झाला.

सहा आठवड्यांनी आढावा घेतला तेव्हा त्यांना गुरुवारही हवा होता. आम्ही नाही म्हणालो. दिवाळीनंतर त्यांनी मुदत फेब्रुवारीअखेरपर्यंत वाढवली. त्याच फोनवर गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आठवड्यातला सोमवार वर्ग नसेल हेही सांगून टाकलं.